जळणाची सुबाभूळ आणि लगद्याची सुबाभूळ

नागपूर परिसरात पडीक तुकड्यावर सुबाभूळ लावण्याचा विषय निघाला की ‘जळाऊ लाकूड’ आणि (कागदाच्या) ‘लगद्याचे लाकूड’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. झाड एकच असल्याने हा गोंधळ होतो. परंतु गिऱ्हाईक एकीकडे उष्णता विकत घेते आणि दुसरीकडे तंतू, त्यामुळे या दोन लागवडी पहिल्या खड्ड्यापासूनच वेगळ्या होतात.

जळणासाठी 1 बाय 1 मीटरवर हेक्टरी 10,000 रोपे लावून ती दोन-तीन वर्षांत तोडता येतात. लगद्यासाठी 3 बाय 2 मीटर अंतर ठेवल्यास सुमारे 1,667 झाडेच बसतात, मात्र चार-पाच वर्षांत त्यांची खोडे जाड होतात. जाडीला महत्त्व आहे ते सालीमुळे : बारीक फांदीत सालीचा वाटा अधिक असतो आणि कारखान्याला ती आधी सोलून काढावी लागते. बॉयलरला साल चालते. पण तिच्यात आणि पाल्यात राख जास्त असल्याने कोवळा माल तिथेही नकोसाच असतो.

ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. लगद्याला त्याची अडचण नाही, उलट ओली साल सहज निघते. जळणात मात्र त्या पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्ची पडते. म्हणून जळणाचा सौदा नुसत्या वजनावर करू नये.

लाकडातले तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणाऱ्या लिग्निनचे तर दोन्हीकडे अगदी उलटे आहे. कागदासाठी ते रसायनांनी विरघळवून काढावे लागते, तर सेल्युलोजपेक्षा (तंतूंच्या मुख्य घटकापेक्षा) अधिक उष्णता देत असल्याने जळणात तेच मोलाचे ठरते. गंमत अशी, की लगद्याचा कारखाना हे काढलेले लिग्निन काळ्या द्रावाच्या रूपात स्वतःच्याच बॉयलरमध्ये जाळतो.

तोडणीनंतर बुंध्याला उसाच्या खोडव्यासारखे फुटवे येतात; लगद्यासाठी त्यांतले एक-दोन जोमदार राखून बाकीचे काढतात, जळणासाठी बहुतेक वाढू देतात.

कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे जवळ असल्याने जळणाची लागवड सोपी वाटते. परंतु कोळशात जैवभाराच्या (वनस्पतीजन्य मालाच्या) गोळ्या मिसळण्याचे केंद्र सरकारचे धोरण मुख्यतः शेतीतील काडीकचऱ्यासाठी आहे, आणि पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) तर कापसाबरोबर आपसूकच येते. तिच्याशी भावात झगडण्यापेक्षा, बल्लारपूरच्या कागद कारखान्यापर्यंतची वाहतूक परवडत असेल तर, माझा कल लगद्याकडे राहील. फांद्या आणि शेंडे जळणाला उरतातच.