यूएपीए खटल्यात डिफॉल्ट जामीन : पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

दहशतवादाच्या आरोपाखाली अटकेत असलेल्यांवर खटला कसा चालवावा, या वादात यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये (प्रतिबंधक) कायद्याच्या कलम 43डी(5)चीच चर्चा अधिक होते, कारण आरोप सकृद्दर्शनी खरा वाटल्यास न्यायालयाला जामीन देता येत नाही. त्याच कलमाच्या पोटकलम (2) मधील मार्ग मात्र आरोपीच्या घरच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवा. तपास यंत्रणेने 90 दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर आरोपांच्या गुणवत्तेत न शिरता जामीन द्यावाच लागतो; यालाच डिफॉल्ट जामीन म्हणतात. मुदतवाढ एकूण 180 दिवसांपर्यंतच देता येते. त्यासाठी तपासाची प्रगती आणि कोठडीची नेमकी कारणे सांगणारा सरकारी वकिलांचा अहवाल लागतो, आणि ती देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना नसून विशेष न्यायालयाला, ते नसेल तेथे सत्र न्यायालयाला आहे.

दिवस पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडीत पाठवल्यापासून, तो दिवस धरून मोजावेत. पहिला रिमांड 1 मार्चचा असेल, तर 90वा दिवस 29 मे रोजी येतो. 30 मे रोजी कामकाज सुरू होताच अर्ज द्यावा. त्यानंतर दुपारी आरोपपत्र आले तरी हक्क टिकतो, पण आरोपपत्र आधी आले तर तो संपतो. एल्गार परिषद प्रकरणात मुदतवाढ देणाऱ्या पुण्याच्या न्यायालयाला तसा अधिकारच नव्हता, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 1 डिसेंबर 2021 रोजी आरोपी वकील सुधा भारद्वाज यांना जामीन दिला; वेळेत अर्ज न केलेल्या 8 सहआरोपींना मात्र तो नाकारला. एवढा मोठा हक्क तारखेवर हुकावा, हे मनाला पटत नाही, पण कायदा आज असाच आहे.

अर्जासोबत तुरुंग प्रशासनामार्फत आरोपीची सही घेतलेले वकीलपत्र, एफआयआरची प्रत, सर्व रिमांड आदेश आणि रोजनाम्याच्या (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकला जोडाव्यात. नकला मिळायला वेळ लागतो, म्हणून नक्कल विभागात आधीच मागणी नोंदवावी. परंतु त्यांच्यासाठी अर्ज मुळीच लांबवू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तोंडी विनंतीही पुरेशी मानली आहे, मात्र तिची रोजनाम्यात नोंद करून घ्यावी. जामीनदाराचे ओळख, पत्ता आणि उत्पन्नाचे पुरावे तयार ठेवावेत, कारण आदेशातील अटी वेळेत पूर्ण न केल्यास मिळालेला हक्कही जाऊ शकतो.

कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. विशेष न्यायालयाने अर्ज फेटाळल्यास एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याच्या कलम 21 नुसार 30 दिवसांत उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे अपील करावे.