इरिडियमची पेटी आणि काकांची स्कूटर

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर ही गोष्ट दर दोन-चार महिन्यांनी निघते: कोयलीच्या रिफायनरीकडे पाइपांचं वेल्डिंग गॅमा किरणांनी तपासायला किरणोत्सारी इरिडियमची पेटी जाते, आणि तिच्याजवळून गेलेली भाजीसुद्धा किरणोत्सारी होते म्हणे. एका काकांनी तर अशा गाडीमागून आलेली स्कूटर तीनदा धुतली!

काका, पाणी वाया गेलं. इरिडियम-१९२ चे गॅमा किरण वस्तूला किरणोत्सारी करत नाहीत. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस कधी रात्री चमकला आहे का? किरणोत्सार ‘लागतो’ तो मूळ पदार्थच सांडून अंगाला चिकटला तर. इथे तो वेल्ड करून बंद केलेल्या कॅप्सूलमध्ये असतो, भोवती किरण अडवणारं कवच: शिसं किंवा त्याहून जड डिप्लीटेड (कमी किरणोत्सारी) युरेनियम.

इरिडियम-१९२ चा किरणोत्सार ७४ दिवसांत निम्मा होतो. म्हणून अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’सारख्या पुरवठादाराकडून नवा स्रोत पुन्हा पुन्हा मागवावा लागतो.

पेटीवरच्या पिवळ्या लेबलावर चौकोनात एक आकडा असतो, ट्रान्सपोर्ट इंडेक्स. पेटीपासून १ मीटरवर तासाला जास्तीत जास्त किती मिलिरेम (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक), ते तो सांगतो. जोरदार स्रोतांच्या ‘टाइप बी’ पेटीला तर ९ मीटरवरून आपटणं आणि ८०० अंश सेल्सिअसची अर्ध्या तासाची आग, दोन्ही सोसावं लागतं.

घाबरायचंच तर कवचाबाहेर आलेल्या स्रोताला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला. तिथे कवच फोडलं गेलं होतं.