मालिकेतलं यान खरंच कुठे लपवलंय का?

‘अंतराळ मालिकेतलं एका रात्रीत ताऱ्यावर जाणारं यान खरं आहे, फक्त लपवलंय,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. मालिका इतकी हुबेहूब बनवतात, की पटणं साहजिक आहे. पण अंतर मोजून बघा.

मेच्या मध्यावर रात्री साडेअकराला जळगाव-धुळ्याच्या मोकळ्या शिवारातून, डोंगर आड येणार नाही असं दक्षिणेला बघा. हात लांब केल्यावर जेमतेम मुठीएवढ्या उंचीवर दोन ठळक तारे दिसतात. डावीकडच्या ताऱ्याचं नाव ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी). सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यांपैकी एक, तरी अंतर सुमारे ४१ लाख कोटी किलोमीटर! १९७७ साली निघालेलं नासाचं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर जातं. भागाकार करा: सुमारे ७७ हजार वर्षं. प्रकाशालाही चार वर्षांहून जास्त लागतात, आणि त्याच्यापेक्षा वेगानं कुठलीच वस्तू जात नाही.

मालिकेतले ग्रह, वजनरहित तरंगणं खरं असू शकतं. हा वेग मात्र कथेपुरता.