शेर, तोळा आणि वाटी : मराठी पाकपुस्तकांची पार्श्वभूमी

स्वयंपाकाचं कोणतं पुस्तक घरात सर्वांत जास्त उघडलं गेलं, असं पन्नाशीच्या पुढच्या मराठी माणसाला विचारलं, तर बहुतेक वेळा एकच नाव आधी येतं : ‘रुचिरा’. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली निघालं, लाखाच्या वर खपलं आणि आजही छापलं जातंय. मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’ आणि जयश्री देशपांडे यांचं ‘हमखास पाकसिद्धी’ ही त्याच फळीतली पुस्तकं. यातलं निदान एक तरी ओट्याजवळच्या फळीवर असायचंच, बांधणी उसवलेलं, दिवाळीच्या फराळाची पानं तेलानं पारदर्शक झालेलं.

पण ही पुस्तकं आली तेव्हा मराठीत पाकपुस्तकांचा दुष्काळ नव्हता. छापील पाकपुस्तकांना शंभर वर्षं होत आली होती आणि हस्तलिखितं तर कितीतरी जुनी. मग ओट्यापर्यंत हीच का पोचली? लेखिकांच्या हाताला चव होती, हे खरंच. पण तेवढ्यानं भागत नाही. माझ्या मते खरी गोष्ट मापाची आहे. कृती लिहिणाऱ्यानं कोणतं माप धरलंय ते पाहावं, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर कोणतं स्वयंपाकघर होतं ते कळतं.

सुरुवात अर्थातच राजवाड्यात होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० च्या आसपासचा. त्यातल्या ‘अन्नभोग’ प्रकरणात मांडे, पुऱ्या, वडे यांचे पूर्वज भेटतात, आणि भाजलेले उंदीरही भेटतात. सगळं श्लोकबद्ध. प्रमाणं क्वचितच. राजाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याला प्रमाण सांगायची गरज नव्हती. ग्रंथ त्याच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. राजानं कोणते भोग भोगावेत याची ती नोंद आहे.

पुढचा टप्पा तंजावरला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांच्या दरबारात रघुनाथ गणेश नवहस्ते या पंडितानं ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. तेही संस्कृतात, पण लेखक मराठी आणि ताटातले पदार्थही ओळखीचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ ठरवण्यासाठी बरीच मेहनत घेतली आणि त्याचा आधार घेत जिलबीचा इतिहास शोधला. ग्रंथाचा ओढा मात्र वैद्यकाकडे आहे. कोणतं धान्य जड, कोणतं हलकं, कफाला काय चालतं, याची चर्चा भरपूर. त्याच तंजावरात पुढे सरफोजी दुसरे यांच्या काळात (१७९८ ते १८३२) मराठीत पाकशास्त्र लिहून ठेवलं गेलं आणि त्यात देशी पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीचे पदार्थही आले. सरस्वती महाल ग्रंथालयानं हे जपलं म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. नाहीतर मराठीत लिहिलेलं हे पाकशास्त्र कावेरीच्या काठी सापडतं, हे महाराष्ट्रात किती जणांच्या गावी आहे?

छपाई आल्यावर चित्र पालटलं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघालं. मराठीतल्या पहिल्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. लेखक पुरुष आहे, हे लक्षात घेण्यासारखं. त्या काळात वाचता येणाऱ्या बायका मोजक्या, आणि ज्यांच्या हातात रोजचा स्वयंपाक होता त्यांना पुस्तकाची गरज नव्हती. आई, सासू, आत्या, शेजारीण ही सगळी विद्यापीठं घरातच होती.

१९१० साली मात्र एका बाईनं बायकांसाठी लिहिलेलं जाडजूड पुस्तक आलं : लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’. लक्ष्मीबाई मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या. हा समाज इंग्रजी राहणीच्या संपर्कात लवकर आला. कोळंबीचं भानोळं वरखाली निखारे ठेवून भाजण्याची रीत त्यांच्याकडे होतीच, त्यामुळे केक-पुडिंग त्यांना फारसं परकं वाटलं नाही. हजार हा आकडा नुसता बडेजावासाठी नव्हता. रोजचं वरण, सणाचं पक्वान्न, मासळी, मटण, लोणची, साहेबी पदार्थ असा सगळा संसार एका बांधणीत आणायचा होता. शिकलेली, शहरातली, पाहुण्यांपुढे टेबलावर जेवण मांडणारी गृहिणी ही तेव्हा नवीनच गोष्ट होती, आणि तिला हे पुस्तक हवं होतं. आहेरात, रुखवतात पाकपुस्तक ठेवायची रीतही याच वर्गात रुजली.

१९४० च्या दशकात ‘रसचंद्रिका’ आलं. अंबाबाई संशी यांनी सिद्ध केलेलं हे पुस्तक मुंबईच्या सारस्वत महिला समाजानं काढलं. घरात कोकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वतांचं स्वयंपाकघर मराठीत लिहिलं गेलं, कारण मुंबईत वाढलेल्या मुलींची शाळेची भाषा ती होती. कारवार-मंगळुराकडची आंबट, नारळ, ताज्या वाटणाची रीत गिरगाव-गावदेवीत टिकवायची, हा त्यामागचा उघड हेतू. गाव सुटलं की पाकपुस्तक लागतं. हा धागा पुढेही येईल.

आता मापाकडे. जुन्या कृतींत शेर, पावशेर, छटाक, तोळा, मासा. धान्य मोजायची तर वेगळीच उतरंड : दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आणि शेर तरी कुठला? सरकारी शेर ८० तोळ्यांचा, तर मुंबईचा जुना शेर साधारण २८ तोळ्यांचा. म्हणजे ‘एक शेर साखर’ असं वाचून मुंबईच्या आणि घाटावरच्या दोन सुनांनी एकच वडी केली, तर एकीची जिभेला चिकटणार आणि दुसरीची ताटातच भुसभुशीत होणार. शिवाय तराजू वाण्याकडे. घरच्या ओट्यावर नाही. त्यामुळे ही पुस्तकं आवडीनं वाचली जात, विकत घेतली जात, पण रोज पहाटे उघडली जात असतील असं मला वाटत नाही. आधीच येणाऱ्या बाईला ती आठवण करून देत. न येणारीला शिकवणं त्यांना जड होतं.

स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांत या सगळ्याच्या पायाखालची जमीन सरकली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. वजनमापांचा कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं लागू झाले आणि काही वर्षांत शेर कायद्यानं बाद झाला. जुन्या पुस्तकांतली प्रमाणं एका पिढीतच अगम्य झाली. त्याच सुमारास स्वयंपाकघरातली हत्यारंही बदलत होती. मुंबईत १९५५ पासून बर्शेन या नावाचा सिलिंडरचा गॅस मिळू लागला, १९५९ मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे कुकर आले, १९६३ मध्ये सुमीतचा मिक्सर. चुलीवर ‘मंदाग्नीवर दोन घटका’ असं लिहिलेली कृती गॅसच्या शेगडीवर कशी वाचायची? पाट्यावर वाटलेल्या आणि मिक्सरमधून काढलेल्या वाटणात पाणी सारखं लागत नाही, हेही प्रत्येकीला स्वतःच शोधून काढावं लागलं.

आणि सासू गावाकडे राहिली. डोंबिवली, चिंचवड, भिलाई, दिल्ली : नोकरीच्या गावी दोन खोल्यांत नवरा-बायको दोघंच, विचारायला कोणी नाही. फोन बहुतेकांच्या घरी नव्हता, आणि पत्रातून चकलीची भाजणी विचारली तर उत्तर येईतो दिवाळी संपायची.

या पोकळीत ‘रुचिरा’ आलं. कमलाबाईंचं माहेर कुंडलचं, तेव्हाच्या औंध संस्थानातलं. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला आल्या आणि स्वयंपाक शिकल्या तो सासूबाईंच्या हाताखाली. कुंडलला लागूनच किर्लोस्करवाडी. ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये तिथूनच सुरू झालं होतं. पुढे ‘रुचिरा’ निघालं ते याच किर्लोस्करांच्या प्रकाशनातून. योगायोग म्हणा, पण तो नुसता भूगोलाचा नाही. ‘स्त्री’नं चाळीस वर्षांत मध्यमवर्गीय वाचक बाईचा एक मोठा समूह घडवला होता; पुस्तकाला गिऱ्हाईक आधीच तयार होतं.

कमलाबाईंनी माप धरलं ते वाटी आणि चमचा. दिसायला साधी, पण यात मोठी मेख आहे. वाटी हे वजन नाही आणि तिचा आकारही ठरलेला नाही. तुमच्या घरची आमटीची वाटी वेगळी, माझ्या घरची वेगळी. तरीही कृती चुकत नाही, कारण वाटी परिमाण सांगतच नाही, ती प्रमाण सांगते. एक वाटी हरभराडाळीला एक वाटी गूळ घेतला की पुरण जमतं, वाटी लहान असो की मोठी. भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन हरभराडाळ, एक उडीदडाळ. भांडं एकच ठेवलं की झालं. दोघांना करायचं असेल तर छोटी वाटी, पंगत असेल तर पातेली. तराजू नाही, शेराचा घोळ नाही, किलोचं गणित नाही. ज्या बाईच्या घरात अजून चार भांडीच आहेत, तिच्याकडेही वाटी असतेच.

ही युक्ती कमलाबाईंनी शोधली असं कोणी म्हणू नये. घराघरांतल्या बायका ‘दोनास एक’ असंच बोलत आल्या होत्या. छापील पुस्तकांनी मात्र शेर-तोळ्याची भाषा शास्त्रशुद्ध म्हणून धरून ठेवली होती. ‘रुचिरा’नं बोलण्यातलं माप छापलं. त्याच्या मर्यादाही आहेत, आणि त्या केक करताना लगेच कळतात : अंडं अर्ध्या वाटीचं होत नाही, सोडा चमचाभरच राहतो, आणि मग मोठी वाटी घेणारीचा केक बसतो. मिठाबाबत तर सगळ्याच मराठी पुस्तकांनी ‘चवीनुसार’ म्हणून हात झटकलेले आहेत.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं या पुस्तकांची. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेची दारं उघडली, तिकडे गेलेल्या इंजिनिअर-डॉक्टर कुटुंबांच्या बॅगांत गोडा मसाल्याबरोबर यांतलं एखादं पुस्तक असे. तिथे मुलगेही याच पानांवरून वरण-भात शिकले. प्रस्तावना गृहिणींना उद्देशून असली म्हणून काय झालं!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ज्याला आपण ‘महाराष्ट्रीय स्वयंपाक’ म्हणून या पुस्तकांतून ओळखतो, तो बहुतांशी पुण्या-मुंबई-सांगलीकडच्या शहरी, उच्चवर्णीय घरांचा स्वयंपाक आहे. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत काय शिजत होतं, ते मराठी पाकपुस्तकांत जवळजवळ आलंच नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं, तेव्हा कुठे ही रिकामी जागा ठळकपणे दिसली. त्यात चान्या (मांसाचे वाळवलेले तुकडे) आहेत, वजडी (जनावराची आतडी) आहे, आणि तेला-तुपाची चैन नसलेल्या घरातली चव आहे. २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. शेकड्यानं पुरणपोळीच्या कृती असलेल्या भाषेत हे पुस्तक यायला पाकपुस्तकांची छपाई सुरू झाल्यापासून जवळजवळ दीडशे वर्षं लागावीत, यात आश्चर्य नाही. पाकपुस्तक विकत घेणारा वर्ग आणि लिहिणारा वर्ग इतकी वर्षं एकच होता.

१९९३ मध्ये टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झालं, पुढे मराठी वाहिन्यांनी दुपारचे तास पाककृतींना दिले, मग मोबाइल आला. आता कृती बघून होते. गोळा किती सैल हवा हे शब्दांत सांगणं कठीण, ते पडद्यावर क्षणात दिसतं. इथे पुस्तक हरलं हे मान्य करावं. उलट पिठाच्या हातानं व्हिडिओ मागे न्यायचा वैताग ज्यानं अनुभवलाय, तो अजूनही ताटाशेजारी पुस्तकच उघडतो.

माप मात्र पुन्हा बदलू लागलंय. मराठी व्हिडिओंखाली हमखास प्रश्न दिसतो, ‘ताई, तुमची वाटी किती एमएलची?’ उत्तरही येतं, आणि २४० मिलीच्या मापी कपांचा संच आता कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. बेकिंग करणाऱ्या मुलामुलींच्या ओट्यावर डिजिटल काटा आलाय. भाजणी दळायला दिली तरी ती डाळ-तांदूळ ग्रॅममध्ये तोलून घेतात, आणि गिरणीवाला डबा बघून विचारतो, ‘किती वाट्या हाय?’