बालकांतील पूयजन्य संधिशोथ आणि प्रतिजैविकरोध

जंतुसंसर्गाने सांध्यात पू होऊन येणारा तीव्र दाह. मुलांत तो बहुधा एकाच सांध्याला होतो, त्यातही खुबा किंवा गुडघ्याला. जंतू सहसा रक्तावाटे येतात. तान्ह्या मुलांत आणखी एक वाट असते : साधारण दीड वर्षापर्यंत हाडाच्या वाढीच्या कूर्चेतून आरपार जाणाऱ्या रक्तवाहिन्या असल्याने हाडातील संसर्ग सांध्यापर्यंत पोचतो. लंडनचे शल्यचिकित्सक टॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये तान्ह्या मुलांतील या विकाराचे वर्णन केले. ताप, पाय न टेकणे, सांधा हलवू न देणे ही लक्षणे परिचित आहेत. नवजात बालकात मात्र ताप नसूही शकतो. लंगोट बदलताना रडणे किंवा एक पाय न हलवणे एवढेच दिसते.

खुब्याच्या निदानासाठी कोकर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चार निकष मांडले : ताप, पाय न टेकणे, रक्तपेशींच्या अवसादनाचा वाढलेला वेग आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी. चारही असल्यास संसर्गाची शक्यता त्यांनी ९९.६ टक्के धरली. २००४ मध्ये दुसऱ्या एका रुग्णालयाच्या पडताळणीत ती ५९ टक्केच भरली. सांध्यातील द्रव सुईने काढून तपासण्याला म्हणूनच पर्याय मानू नये.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा सर्वांत प्रमुख कारक जंतू. सहा महिने ते चार वर्षे या वयात किंगेला किंगे बराच आढळतो. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या नेहमीच्या पद्धतीत (संवर्धनात) तो निसटतो. रक्तसंवर्धनाच्या बाटलीत संधिद्रव घातल्यास किंवा पीसीआर (जंतूचे जनुकद्रव्य शोधणारी चाचणी) केल्यास सापडतो. लसीकरणानंतर हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी हा जंतू मागे पडला.

मेथिसिलिनरोधी, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या, स्टॅफिलोकॉकसचा (एमआरएसए) उगम वादग्रस्त आहे. पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस १९४२ च्या सुमारास दिसू लागले. त्यांच्यावर उपाय म्हणून मेथिसिलिन १९६० च्या आसपास वापरात आले आणि १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून त्यालाही रोधी जंतू नोंदवले. मेथिसिलिनच्या वापरानेच हा रोध घडवला, ही समजूत त्यावरून रूढ झाली. मात्र जुन्या नमुन्यांच्या जनुकक्रमावरून २०१७ मध्ये असा निष्कर्ष निघाला की, रोध देणारे मेकए जनुक या जंतूंत १९४० च्या दशकाच्या मध्यासच शिरले असावे. म्हणजे रोधी जंतूंनाच टिकू देणारा निवडीचा दाब पेनिसिलिनचा होता. हे मत अधिक ग्राह्य वाटते. हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या त्वचेवरील बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्ये बनवते आणि तेथील जंतूंत रोध प्रतिजैविकांच्या युगाआधीच होता, असे २०२२ मधील संशोधन सांगते. ते मेकसी या निराळ्या जनुकाविषयी आहे; मेकएच्या वादात त्याचा आधार जपूनच घ्यावा.

रुग्णालयाबाहेरील निरोगी मुलांतही एमआरएसए गंभीर ठरू शकतो, हे अमेरिकेत १९९९ मध्ये चार बालमृत्यूंच्या अहवालाने ठळक झाले. त्यांतील मिनेसोटाच्या सात वर्षांच्या मुलीत संसर्ग खुब्यात होता. सुरुवातीला दिलेले सेफॅझोलिन हे प्रतिजैविक त्या जंतूवर चालणारे नव्हते. भारतीय उपखंडाशी जोडलेला ‘बंगाल बे’ (एसटी ७७२) हा एमआरएसएचा वंश येथेच १९६० च्या दशकात निर्माण झाला असावा आणि १९९० च्या दशकात बहुऔषधरोधी बनला असावा.

उपचारात सांध्यातील पू तातडीने काढणे आणि अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करणे या दोन गोष्टी येतात. पेच दुसऱ्या गोष्टीत आहे. स्थानिक एमआरएसएचे प्रमाण जास्त असल्यास क्लिंडामायसिन किंवा व्हँकोमायसिन निवडतात. पण किंगेला व्हँकोमायसिनला मुळातच दबत नाही आणि क्लिंडामायसिनचाही त्यावर भरवसा नसतो. शिवाय स्टॅफिलोकॉकसमध्ये क्लिंडामायसिनचा रोध सुप्त असू शकतो. तो प्रयोगशाळेतील ‘डी-चाचणी’त उघड होतो. फिनलंडच्या २००९ मधील चाचणीत दहा दिवसांचा उपचार तीस दिवसांइतकाच गुणकारी ठरला. तेथील स्टॅफिलोकॉकस मेथिसिलिनला दबणारे असल्याने तो कालावधी एमआरएसएला जसाच्या तसा लावता येत नाही.

भारतात नवजात अतिदक्षता विभागांतील संसर्गांत क्लेबसिएलासारखे बहुऔषधरोधी ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंजनात जांभळा रंग न धरणारे) जंतू ठळक आहेत. तेथून सांध्यात उतरलेल्या संसर्गावर औषधांची निवड फार आखडते. उशीर झाल्यास मांडीच्या हाडाचे डोके झिजते व पाय आखूड राहतो. द्रव काढण्याआधी दिलेल्या प्रतिजैविकाने संवर्धन निष्फळ ठरू शकते. प्रतिजैविकांच्या अशा सैल वापराला आवर म्हणून तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने ही प्रतिजैविके मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ (विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांची यादी) मध्ये असून त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे ठेवावयाची असते.