विकेंद्रित बग-नोंदणी

सॉफ्टवेअरमधील दोषांच्या, म्हणजेच बगच्या नोंदी वेगळ्या सर्व्हरवर न ठेवता कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, ठेवण्याच्या पद्धतीला विकेंद्रित बग-नोंदणी असे म्हणतात. २००५ साली गिट आणि मर्क्युरियल ही कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारी साधने आली, तेव्हापासून कोडचा संपूर्ण इतिहास प्रत्येक प्रोग्रामरच्या संगणकावर राहू लागला. बगची यादी मात्र बहुतेक प्रकल्पांत पूर्वीसारखी एकाच सर्व्हरवर राहिली. त्यामुळे इंटरनेट नसताना कोड लिहिता येतो, कमिट करता येतो, म्हणजे बदल इतिहासात नोंदवता येतो, पण आपण नेमका कोणता बग दुरुस्त करत आहोत हे वाचता येत नाही. ही विसंगती दूर करणे हा या पद्धतीचा मूळ हेतू होय.

सुरुवातीच्या साधनांनी बगची नोंद ही साधी फाइल मानली. ‘बग्ज एव्हरीव्हेअर’ हे साधन प्रकल्पाच्या मुळाशी ‘.बीई’ नावाची डिरेक्टरी तयार करते आणि तीत प्रत्येक बगचा व त्यावरील शेऱ्यांचा मजकूर साठवते. दुरुस्ती आणि ‘बग मिटला’ हा शेरा एकाच कमिटमध्ये जात असल्याने जुनी आवृत्ती उघडली की त्या वेळी कोणते बग शिल्लक होते तेही समोर येते. ही सोय खरोखर मोलाची आहे. मात्र एका ब्रँचवर, म्हणजे कोडच्या एका समांतर शाखेवर, मिटलेला बग दुसऱ्या ब्रँचवर, दोन्ही शाखा एकत्र (मर्ज) होईपर्यंत, उघडाच दिसतो. त्या ब्रँचच्या कोडपुरते ते खरेही असते. पण ‘हा बग मिटला का?’ या साध्या प्रश्नाला संपूर्ण प्रकल्पासाठी एकच उत्तर उरत नाही, आणि दोघांनी एकाच नोंदीत बदल केले तर मर्ज करताना होणारा संघर्ष हाताने सोडवावा लागतो.

एसक्यूलाइट या डेटाबेसचे निर्माते डी. रिचर्ड हिप यांच्या फॉसिल या, गिटप्रमाणेच कोडचा इतिहास ठेवणाऱ्या, प्रणालीने हा पेच अधिक समंजसपणे सोडवला आहे. फॉसिलमध्ये तिकिटे, म्हणजे बगच्या नोंदी, रिपॉझिटरीतच असतात, परंतु कोडच्या फाइलींमध्ये नसतात. तिकिटातील प्रत्येक बदल हा स्वतंत्र, पुन्हा न बदलणारा मजकूर असतो: त्यात वेळ, बदल करणाऱ्याचे नाव, तिकिटाचा क्रमांक आणि बदललेल्या रकान्यांची नवी मूल्ये असतात. असे सर्व बदल वेळेच्या क्रमाने एकामागोमाग लावले की तिकिटाची सद्यःस्थिती तयार होते. त्यामुळे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झालेले बदल सिंक होताना, म्हणजे दोन्ही प्रती जुळवताना, फाइलींसारखे एकमेकांवर आदळत नाहीत आणि ब्रँच कोणतीही असली तरी तिकीट एकच राहते. गिट-बग हे साधनही नोंदी गिटच्या आतच, पण फाइलींबाहेर, वेगळ्या संदर्भांखाली (गिटमधील अंतर्गत नावांखाली) ठेवते; आपले बदल दुसऱ्या प्रतीकडे पाठवणाऱ्या नेहमीच्या पुशबरोबर त्या जात नाहीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते.

बग कळवणारा अनेकदा प्रोग्रामर नसतो. रिपॉझिटरी क्लोन करून, म्हणजे तिची पूर्ण प्रत उतरवून घेऊन, तक्रार लिहावी ही अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे आहे, म्हणून फॉसिलमध्ये वेब-इंटरफेस अंगभूतच असून निनावी तिकिटे स्वीकारण्याची आणि ती तपासून मगच दाखल करण्याची सोय आहे. सुरक्षेशी निगडित बगचा प्रश्न अधिक बिकट ठरतो: नोंद एकदा सर्वांच्या प्रतींमध्ये पोहोचली की ती परत घेता येत नाही. फॉसिलमधील ‘शनिंग’ या सोयीने एखादा मजकूर आपल्या प्रतीतून काढून टाकता येतो व पुन्हा आत येऊ देणे थांबवता येते. इतरांच्या प्रतींतून मात्र तो ज्याने त्यानेच काढावा लागतो.