जॉनी सेन

जॉनी सेन (२५ सप्टेंबर १९१७ – ७ नोव्हेंबर २००६) हा अमेरिकन बेसबॉलमधला उजव्या हाताचा पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) आणि नंतर पिचिंग कोच. खेळाडू म्हणून तो चांगलाच होता, चार सीझनमध्ये २० किंवा जास्त मॅचेस जिंकल्या (बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावरही लागतात), पण कोच म्हणून तो त्याहून मोठा होता असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नवल म्हणजे रिझल्ट एवढे भारी असूनही एकाही टीमने त्याला फार वर्षं टिकू दिलं नाही.

जन्म आर्कान्सा राज्यातल्या हवाना नावाच्या छोट्या गावात. वडील गाड्या दुरुस्त करायचे आणि हौसेने पिचिंगही करायचे, कर्व्हबॉल कसा टाकायचा हे पोराला त्यांनीच शिकवलं. सेनकडे फार स्पीड कधीच नव्हता, त्यामुळे बरीच वर्षं मायनर लीगमध्येच (खालच्या स्तरावरच्या स्पर्धांत) गेली आणि १९४२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, बॉस्टन ब्रेव्ह्जकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर, पदार्पण झालं.

लगेच दुसरं महायुद्ध आडवं आलं. सेन नौदलात वैमानिकाच्या ट्रेनिंगला गेला, बॅचमध्ये नावाजलेला बॅटर टेड विल्यम्स होता. तिथं हवेचा दाब, पंखावरचा प्रवाह वगैरे शिकताना त्याला आपल्याच बॉलचं गणित नव्याने कळलं. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर बेसबॉलमध्ये बॉल टप्पा घेत नाही, त्यामुळे पिचवर वळवणं हा प्रकारच नाही, जे काय करायचं ते १८.४ मीटरच्या हवेतच. कर्व्हबॉलला पुढच्या बाजूने फिरकी दिली की वरच्या बाजूला हवेचा दाब वाढतो आणि बॉल बॅटरपाशी येता येता झपकन खाली जातो, आपल्याकडे टॉपस्पिनर हवेत जसा डिप होतो ना, तोच प्रकार, फक्त जास्त वेगात. सेन हाच एक बॉल वेगवेगळ्या स्पीडने आणि वेगवेगळ्या कोनातून टाकायचा आणि त्यावरच त्याचं घर चाललं. १९४३ मध्ये यांकी स्टेडियमवरच्या एका मदतनिधी मॅचमध्ये त्याच्यासमोर खुद्द बेब रूथ, बेसबॉलमधला दंतकथा बनलेला बॅटर, बॅटिंगला आला होता, वॉक (चार चुकीचे बॉल पडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळून गेला.

युद्धानंतरची तीन वर्षं म्हणजे सेनचा सोन्याचा काळ. १९४६ मध्ये २० विजय आणि दर ९ इनिंगमागे फक्त २.२१ रन. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमधला रंगभेद मोडून पहिल्यांदा बॅटिंगला उतरला तेव्हा समोर पिचर सेनच होता, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या क्षणी बॉल याच्या हातात होता.

१९४८ ला तर कळसच. २४ विजय, ३१४ हून जास्त इनिंग, २८ मॅचेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने. सप्टेंबरमध्ये लीग जिंकायची चुरस टोकाला गेली तेव्हा ब्रेव्ह्जने डावखुरा वॉरन स्पान आणि सेन या दोघांवरच सगळी भिस्त ठेवली, मध्ये सुट्टीचे दिवस आणि पाऊस यांनीही साथ दिली आणि १२ दिवसांत या दोघांनी मिळून ८ पैकी ८ मॅचेस जिंकल्या. बॉस्टनच्या एका पेपरात तेव्हा चार ओळींची कविता आली, सार एवढंच की आधी स्पान, मग सेन आणि मग देवा पाऊस पाड. अमेरिकेत ती ओळ अजून म्हणीसारखी वापरतात. १९१४ नंतर पहिल्यांदा ब्रेव्ह्ज वर्ल्ड सिरीजमध्ये (सीझनच्या शेवटच्या अजिंक्यपद मालिकेत) पोचले आणि पहिल्या मॅचमध्ये सेनने क्लीव्हलंडचा पिचर बॉब फेलरला १-० ने हरवलं. त्या एकमेव रनवर आजही वाद होतो, कारण ती काढणारा ब्रेव्ह्जचा फिल मासी त्याआधी सेकंड बेसवर आउट होता असं फोटो बघून बहुतेकांना वाटतं, पण अंपायरने सेफ (नॉट आउट) दिला. सिरीज मात्र क्लीव्हलंडने ४-२ ने जिंकली.

१९४९ मध्ये खांदा दुखावला आणि १७ पराभव पदरी पडले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ब्रेव्ह्जने त्याला न्यूयॉर्क यांकीजला देऊन बदल्यात ५०,००० डॉलर आणि लू बर्डेट नावाचा तरुण पिचर घेतला, आणि त्याच बर्डेटने १९५७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजला तीनदा हरवलं. सेनला यांकीजकडून सलग तीन वर्ल्ड सिरीज जिंकायला मिळाल्या (१९५१ ते १९५३). १९५५ ला खेळणं थांबलं, एकूण १३९ विजय, ११६ पराभव. त्याच्या बॅटिंगबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण पिचर असून ७७४ वेळा बॅटिंगमध्ये तो फक्त २० वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून आउट) झाला, हे मला तरी अफाट वाटतं.

आता कोचिंग. १९५९ ला कॅन्सस सिटीपासून सुरुवात, खरा धमाका १९६१ ला यांकीजकडे. पिचर व्हायटी फोर्डला जास्त वेळा पिचिंगला उतरवलं आणि त्या वर्षी त्याचे २५ विजय, ४ पराभव. पुढे मिनेसोटा ट्विन्सकडे मडकॅट ग्रँट (१९६५, २१ विजय) आणि जिम काट (१९६६, २५ विजय), डेट्रॉइट टायगर्सकडे १९६८ ला डेनी मॅक्लेनचे तब्बल ३१ विजय, त्यानंतर आजपर्यंत कोणीही ३० ला पोचलेलं नाही. शिकागो व्हाइट सॉक्सकडे नकलबॉलवाला (जवळजवळ न फिरता डुगडुगत जाणारा बॉल टाकणारा) विल्बर वुड १९७२ मध्ये ३७६ इनिंग टाकून गेला.

त्याची पद्धत त्या काळच्या कोचेसना अजिबात पटायची नाही. पिचरला मैदानाभोवती पळवत बसायचं नाही, बॉल पायाने टाकत नाहीत, हात मजबूत करायचा तर हातानेच रोज थोडं थोडं, जोर न लावता टाकायचं. फिरकी समजावी म्हणून दांडीवर बसवलेला बॉल तो पिचरच्या हातात द्यायचा, तो फिरवत बसायचं आणि बोटांना सवय लावायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो कायम पिचरच्या बाजूने उभा राहायचा, मॅनेजरने पिचरच्या कामात ढवळाढवळ केली की सेन ऐकून घ्यायचा नाही. पगार वाढवून मागा असंही पोरांना सांगायचा. म्हणून मॅनेजरशी खटके आणि मग हकालपट्टी: ट्विन्सने १९६६ ला काढलं, टायगर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर वर्षभरातच, १९६९ ला. ट्विन्सच्या वेळी जिम काटने चिडून पेपरात जाहीर पत्र लिहिलं होतं, आणि खेळाडूने मालकाच्या निर्णयाविरुद्ध असं उघड बोलणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

नंतर ब्रेव्ह्जकडे परतल्यावर त्याच्या हाताखाली लिओ मझोनी हा पिचिंग कोच तयार झाला आणि दोन मॅचेसच्या मध्ये दोनदा हलकं पिचिंग करायचं हे सेनचंच सूत्र घेऊन मझोनीने नव्वदच्या दशकात मॅडक्स, ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ या पिचर्सची फळी सांभाळली.

सेन इलिनॉयमध्ये वारला, दफन हवानामध्येच. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मानदालनात) तो नाही, माझ्या मते असायला हवा होता. जिम काट मात्र २०२२ ला तिथं पोचला, आणि त्याने करिअरमध्ये तीन वेळा २० विजयांचा टप्पा गाठला, १९६६, १९७४ आणि १९७५ ला, तिन्ही वेळा पिचिंग कोच सेनच होता.